सिंकजवळचे सॉकेट सुरक्षित कसे करावे : नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

सिंकजवळच्या विजेचा धोका म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सॉकेटवर उडणारे पाणी येते. तो धोका खराच आहे, परंतु स्वयंपाकघरातील जीवघेणा अपघात बहुधा तीन गोष्टी एकाच क्षणी जुळून आल्याने घडतो : आतून बिघडलेले उपकरण किंवा सोललेली वायर, ओला हात, आणि जमिनीशी जोडली गेलेली एखादी धातूची वस्तू. धातूचा नळ, धातूचे पाइप आणि त्यांना जोडलेले स्टीलचे सिंक या तिसऱ्या प्रकारात मोडतात. एक हात बिघडलेल्या केटलच्या धातूच्या अंगाला आणि दुसरा नळाला लागला, तर विजेला एका हातातून दुसऱ्या हाताकडे जाण्याची वाट मिळते, आणि ती वाट छातीतून, म्हणजे हृदयाच्या अगदी जवळून जाते. सॉकेटची जागा ठरवताना, संरक्षक साधन निवडताना आणि रोजच्या सवयी लावताना ही वाट कुठेही पूर्ण होऊ नये, एवढाच विचार सतत मनाशी ठेवावा. पुढील सर्व पायऱ्या त्याच विचारातून आलेल्या आहेत.

पायरी १ : कोणते साधन कोणाला वाचवते, हे आधी समजून घ्या

घरातील वीज काही देशांत २३० व्होल्टच्या, तर काही देशांत १२० व्होल्टच्या आसपास असते. कोरड्या त्वचेचा विजेला होणारा विरोध बराच जास्त असतो, पण त्वचा ओली झाली की तो झपाट्याने घटतो. ओल्या हातांच्या माणसाच्या शरीराचा विरोध ढोबळपणे १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर आणि १२० व्होल्टला सुमारे १२० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. यांपैकी साधारण १ मिलिअँपिअरची केवळ झिणझिणी जाणवते. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू असे आखडतात की पकडलेली वस्तू सोडणे अनेकांना जमत नाही. आणि तीस-चाळीस मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह सेकंदभर किंवा अधिक काळ छातीतून वाहत राहिला, तर हृदयाची लय बिघडून ते रक्त ढकलणे थांबवू शकते.

आता हेच आकडे एमसीबीशी, म्हणजे जादा प्रवाह वाहिल्यास आपोआप बंद होणाऱ्या स्विचशी, ताडून पाहावेत. १६ अँपिअरचा एमसीबी १६,००० मिलिअँपिअरपर्यंतचा प्रवाह निवांत वाहू देतो. माणसाच्या शरीरातून जाणारे २३० मिलिअँपिअर त्याच्या दृष्टीने एखाद्या छोट्या दिव्याच्या भाराएवढे किरकोळ असतात, त्यामुळे तो बंद होण्याचे काही कारणच उरत नाही. एमसीबीचे काम वायर तापून जळू नये हे पाहण्याचे आहे. माणसाला धक्क्यापासून वाचवण्याचे काम त्याला दिलेलेच नाही. ‘आमच्याकडे एमसीबी बसवलेला आहे, त्यामुळे काळजी नाही’ हा समज नवख्या माणसाने सर्वप्रथम सोडून द्यावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

माणसासाठी जे साधन असते त्याला आरसीसीबी म्हणतात. काही ठिकाणी जुन्या सवयीने त्याला ईएलसीबीही म्हटले जाते, आणि अमेरिकेत त्याच तत्त्वावर चालणारे जीएफसीआय थेट सॉकेटमध्येच बसवलेले मिळते. या साधनात फेज (वीज आणणारी) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी) या दोन्ही वायरी एकाच चुंबकीय कड्यातून नेलेल्या असतात. उपकरणाकडे जितका प्रवाह गेला तितकाच परत आला, तर दोन्ही वायरींचा परिणाम एकमेकांना छेदून शून्य होतो. प्रवाहाचा काही भाग माणसाच्या शरीरातून, ओल्या भिंतीतून किंवा अर्थच्या, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या, वायरीतून निसटला, तर जाणारा आणि येणारा प्रवाह यांच्यात फरक पडतो आणि ठरलेल्या मर्यादेला ते साधन पुरवठा तोडते. माणसाच्या संरक्षणासाठी ही मर्यादा ३० मिलिअँपिअरपेक्षा जास्त असू नये. ३० मिलिअँपिअरचा प्रमाणित आरसीसीबी तेवढ्या गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि पाचपट, म्हणजे १५० मिलिअँपिअर गळतीला ४० मिलिसेकंदांच्या आत बंद व्हावा लागतो.

अमेरिकेतील साधन याहूनही कमी गळतीला, ४ ते ६ मिलिअँपिअरच्या दरम्यान, पुरवठा तोडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डालझील यांनी माणूस किती प्रवाहापर्यंत पकडलेली वस्तू स्वतःहून सोडू शकतो याचे प्रयोग केले होते. ९९.५ टक्के पुरुषांना सुमारे ९ मिलिअँपिअरपर्यंत आणि तितक्याच स्त्रियांना सुमारे ६ मिलिअँपिअरपर्यंत हात सोडवून घेता येतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९६१ मध्ये त्यांनीच हे साधन विकसित केले.

मात्र आरसीसीबीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे ठाऊक हव्यात. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरलेल्या आणि जमिनीपासून अलग असलेल्या माणसाला तो वाचवू शकत नाही, कारण गेलेला सगळा प्रवाह परत येत असल्याने त्याला फरक दिसत नाही. धक्का अजिबात बसणार नाही, याची हमीही तो देत नाही. तो फक्त धक्क्याचा कालावधी इतका कमी करतो की जीव वाचण्याची शक्यता फार वाढते. शिवाय साधा आरसीसीबी जादा भार ओळखत नाही, त्यामुळे त्याच्या जोडीला एमसीबी लागतोच. दोन्ही कामे एकत्र करणारे आरसीबीओ नावाचे साधनही मिळते.

पायरी २ : वितरण पेटी उघडून पाहा

वितरण पेटीचे, म्हणजे घरातील एमसीबी ज्या पेटीत बसवलेले असतात तिचे, बाहेरचे झाकण उघडून आतील साधनांवर काय छापले आहे ते वाचावे. स्क्रूने बसवलेले आतले आवरण मात्र काढू नये. आरसीसीबीवर ‘टेस्ट’ किंवा नुसते ‘टी’ असे लिहिलेले छोटे बटण असते आणि गळतीची मर्यादा ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर अशी छापलेली असते. तिथे १०० किंवा ३०० मिलिअँपिअर दिसले, तर ते साधन प्रामुख्याने आगीचा धोका कमी करण्यासाठी आहे, माणसासाठी नाही. हा फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि ‘बसवला आहे’ एवढ्यावर समाधान मानले जाते.

यानंतर सिंकजवळच्या प्रत्येक सॉकेटला आलटून पालटून एक छोटा दिवा लावावा, आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबावे आणि कोणत्या सॉकेटवरचा दिवा विझतो ते पाहावे. जो दिवा चालूच राहतो, त्याचे सॉकेट या संरक्षणाबाहेर आहे. अनेक घरांत आरसीसीबी असतो, पण स्वयंपाकघराची वायर त्याला वळसा घालून गेलेली असते. ते शोधण्याचा याहून सोपा मार्ग नाही. टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबण्याची सवय ठेवावी, कारण वर्षानुवर्षे न हललेली आतील यंत्रणा अडकून बसू शकते. बटण दाबूनही साधन बंद झाले नाही, तर ते नादुरुस्त समजून बदलून घ्यावे आणि तोपर्यंत सिंकजवळची सॉकेटे वापरू नयेत.

पायरी ३ : अर्थिंगची खातरी करून घ्या

टेस्ट बटणाने आरसीसीबीची यंत्रणा तपासली जाते, अर्थिंग नव्हे. हे दोन वेगळे विषय आहेत. आरसीसीबी अर्थिंगशिवायही काम करतो, पण मग गळतीला वाट मिळण्यासाठी कोणाला तरी त्या उपकरणाला स्पर्श करावा लागतो. अर्थिंग चांगले असेल, तर उपकरणाच्या धातूच्या अंगावर फेज आल्याक्षणीच प्रवाह अर्थच्या वायरीतून वाहतो आणि कोणाचा हात लागण्याआधीच आरसीसीबी पुरवठा तोडतो. सिंकजवळ या दोन्हींची जोडी असावी, एकावर भागवू नये.

अर्थिंग आहे की नाही हे साध्या निऑन टेस्टरने कळत नाही. तो फेज कुठे आहे एवढेच दाखवतो. त्यासाठी वीजतंत्रज्ञाकडे मोजणीचे उपकरण असते. आपण स्वतः पाहू शकतो ते इतकेच, की तीन पिनांच्या उपकरणाला दोन पिनांचा जोड लावून अर्थची पिन निकामी केलेली नाही ना, आणि प्लगची अर्थची पिन कोणी कापून टाकलेली नाही ना. अनेक प्रकारच्या प्लगमध्ये ही पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते, जेणेकरून प्लग घालताना अर्थ सर्वांत आधी जोडला जावा आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावा. चौकोनात चौकोन असे चिन्ह असलेली उपकरणे दुहेरी आवरणाची असतात आणि त्यांना अर्थची पिन नसणे योग्यच असते. परंतु त्यांच्या आत पाणी शिरले तर ते दुहेरी आवरणही उपयोगाचे राहत नाही.

पायरी ४ : अंतर मोजा, आणि वायर कुठवर पोहोचते तेही मोजा

सिंकच्या कडेपासून सॉकेटचे आडवे अंतर किती असावे, याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत आणि आपल्या ठिकाणचा नियम हाच अंतिम मानावा. ब्रिटनमध्ये किमान ३० सेंटिमीटर अंतर राखण्याचा सल्ला दिला जातो. माझ्या मते जागा असेल तिथे हे अंतर दुप्पट करावे, कारण ३० सेंटिमीटरवर शिंतोडे कमी होतात, पण ओला हात सहज पोहोचतो. ओट्याच्या पृष्ठभागापासून सॉकेट किमान १५ सेंटिमीटर वर असावे, म्हणजे ओट्यावर सांडलेले पाणी आणि पुसण्याचे ओले फडके त्याला लागत नाही.

अंतराबाबत अमेरिकेतील नियमांचा प्रवास बोलका आहे. तिथल्या राष्ट्रीय विद्युत संहितेने १९८७ मध्ये सिंकपासून ६ फुटांच्या आत असलेल्या ओट्यावरील सॉकेटांना जीएफसीआय संरक्षण सक्तीचे केले. १९९६ मध्ये मात्र अंतराची अट काढून ओट्यासाठीच्या सर्वच सॉकेटांना ते लागू झाले. सॉकेट जागचे हलत नाही, पण त्याला लावलेले उपकरण वायरीच्या लांबीइतके फिरते, आणि ओल्या हातांचा माणूस तर संपूर्ण ओट्यावर वावरतो. त्यामुळे भिंतीवरचे अंतर मोजून झाल्यावर दुसरी मोजणीही करावी. प्रत्येक उपकरणाचा प्लग सॉकेटमधून काढून सॉकेटपाशी धरावा आणि उपकरण ओट्यावरून सिंकच्या दिशेने सरकवून पाहावे. ते सिंकमध्ये पडू शकेल इतकी वायर लांब असेल, तर त्या उपकरणासाठी दुसरे सॉकेट ठरवावे. केटलसारख्या उपकरणांची वायर आखूड ठेवण्यामागे हाच हेतू असतो; एक्स्टेन्शन बोर्ड लावून आपण तो हेतू हाणून पाडतो. सिंक असलेल्या ओट्यावर एक्स्टेन्शन बोर्ड असूच नये, याबाबत मला कोणतीही सवलत मान्य नाही.

स्वयंपाकघर नव्याने बांधले जात असेल, तर वायरिंगच्या आधी भिंतीवर खडूने सिंक, नळ, भांडी निथळण्याची जागा आणि शेगडी यांच्या खुणा कराव्यात आणि मगच सॉकेटांच्या जागा ठरवाव्यात. भांडी निथळण्याची जागा हमखास विसरली जाते, आणि तिथे तर दिवसभर पाणी ठिबकत असते. कोणतीही वायर सिंकवरून आडवी जावी लागेल अशी रचना नसावी, आणि प्रत्येक सॉकेटचा स्विच असा असावा की सिंकवरून हात न नेता तो बंद करता यावा.

पायरी ५ : सिंकच्या खालचे सॉकेट

पाणी शुद्ध करण्याचे यंत्र किंवा भांडी धुण्याचे यंत्र यांच्यासाठी सिंकखालच्या कपाटात सॉकेट बसवण्याची पद्धत आहे. ही जागा नजरेआड असल्यामुळे मला ती ओट्यावरच्या सॉकेटपेक्षा अधिक चिंतेची वाटते. वरचा सांधा गळू लागला, तर दिसण्याआधी कित्येक दिवस पाणी सॉकेटवर ठिबकू शकते. शक्य असेल तर हे सॉकेट शेजारच्या कोरड्या कपाटात न्यावे आणि वायर मधल्या फळीच्या छिद्रातून आणावी. ते शक्य नसेल, तर सॉकेट बाजूच्या भिंतीवर, पाइपांच्या सांध्यांच्या रेषेतून बाहेर आणि जमिनीपासून पुरेसे उंच बसवावे, आणि त्याचा स्विच वर ओट्याजवळ सहज हाताशी असावा. वायर थेट सॉकेटमध्ये न नेता आधी खाली झोका देऊन मग वर न्यावी. पाणी वायरीवरून ओघळले, तर ते झोक्याच्या तळाशी ठिबकते आणि सॉकेटपर्यंत पोहोचत नाही.

पायरी ६ : झाकणाचे सॉकेट निवडताना

शिंतोड्यांपासून बचाव करणाऱ्या सॉकेटांवर आयपी ४४ यांसारखा अंक असतो. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०५२९ नुसार यातील पहिला आकडा घन वस्तूंपासून आणि दुसरा आकडा पाण्यापासून मिळणारे संरक्षण सांगतो. दुसऱ्या जागी ४ असेल, तर कोणत्याही दिशेने उडणाऱ्या शिंतोड्यांपासून संरक्षण मिळते. मात्र कित्येक सॉकेटांना हे संरक्षण झाकण बंद असतानाच लागू होते, प्लग लावलेला असताना नाही. खरेदी करताना हे मुद्दाम विचारून घ्यावे. झाकण ही जादाची सोय आहे. त्यामुळे अंतर आणि आरसीसीबी यांची गरज कमी होत नाही.

पायरी ७ : तंत्रज्ञाला काय सांगावे

सॉकेटची पट्टी उघडणे, वायर बदलणे, आरसीसीबी बसवणे ही कामे परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावीत. आपले काम नेमके प्रश्न विचारण्याचे आहे. सिंकजवळची सर्व सॉकेटे ३० मिलिअँपिअरच्या किंवा त्याहून कमी मर्यादेच्या साधनावर येतील ना, हा पहिला प्रश्न. साधन ‘ए’ प्रकारचे आहे की ‘एसी’ प्रकारचे, हा दुसरा. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या उपकरणांची गळती काही वेळा अशा स्वरूपाची असते की ‘एसी’ प्रकारच्या साधनाला ती नीट ओळखता येत नाही, म्हणून ‘ए’ प्रकार घेणे इष्ट. संरक्षित सर्किटचे न्यूट्रल दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलशी कुठेही जोडले जाणार नाही, याची खातरीही मागावी. तसे झाल्यास आरसीसीबी विनाकारण वारंवार बंद पडतो आणि मग वैतागून तो काढून टाकण्याचा मोह होतो. काम संपल्यावर आरसीसीबीची वेळ यंत्राने मोजून घ्यावी, आणि वायरिंगच्या आवरणाचा विरोध ५०० व्होल्टच्या चाचणीत किमान १ मेगाओहम येतो का, हे विचारून त्याची लेखी नोंद ठेवावी.

पायरी ८ : रोजचा वापर

प्लगला किंवा स्विचला हात लावण्यापूर्वी हात कोरडे करावेत, स्विच बंद करून मगच प्लग काढावा आणि काढताना वायर नव्हे, प्लग धरावा. केटलमध्ये पाणी भरण्यापूर्वी ती तळापासून अलग करावी किंवा प्लग काढावा. उपकरण चालू असताना नळाला हात लावू नये. लेखाच्या आरंभी सांगितलेली वाट नेमकी याच एका हालचालीने पूर्ण होते. सॉकेटभोवतालच्या टाइल्स धुवायच्या असतील, तर आधी त्या सर्किटचा एमसीबी बंद करावा आणि टाइल्सवर पाणी न ओतता पिळलेल्या फडक्याने पुसाव्यात. सॉकेट कोमट लागणे, तपकिरी डाग पडणे, जळका वास किंवा चरचर येणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी वापर थांबवावा.

पायरी ९ : आरसीसीबी वारंवार बंद पडू लागला तर

तो नीट काम करत आहे, असेच आधी समजावे. त्या सर्किटवरच्या सर्व उपकरणांचे प्लग सॉकेटमधून काढावेत, कारण नुसता स्विच बंद करून न्यूट्रलची गळती थांबत नाही. मग आरसीसीबी चालू करावा आणि एकेक उपकरण लावत जावे. ज्याच्यामुळे तो पडतो ते उपकरण बाजूला काढून दुरुस्तीला द्यावे. सर्व प्लग काढलेले असतानाही तो टिकत नसेल, तर दोष वायरिंगमध्ये किंवा एखाद्या ओल्या सॉकेटमध्ये आहे. अशा वेळी तो पुन्हा पुन्हा चढवून पाहू नये.

पायरी १० : अपघात घडल्यास

चालू उपकरण सिंकमध्ये पडले, तर ते काढण्यासाठी पाण्यात हात घालू नये आणि पाणी सोडण्यासाठी सिंकलाही स्पर्श करू नये. कोरड्या जागेवरून वितरण पेटीपर्यंत जाऊन पुरवठा तोडावा आणि त्यानंतरच प्लग काढावा. ते उपकरण वाळले तरी तपासणीशिवाय वापरू नये. सॉकेटमध्ये पाणी शिरले असेल, तर वीज तोडून तंत्रज्ञ येईपर्यंत ते तसेच बंद ठेवावे. वरून कोरडे दिसणारे सॉकेट आतून ओले असू शकते.

कोणाला धक्का बसून तो वस्तूला चिकटला असेल, तर त्याला हाताने ओढू नये. आधी मुख्य स्विच बंद करावा. ते लगेच शक्य नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी दांड्याने किंवा प्लास्टिकच्या वस्तूने त्याला किंवा वायरीला दूर ढकलावे. त्यानंतर आपत्कालीन वैद्यकीय सेवेला बोलवावे. श्वास नेहमीसारखा चालू नसेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने जोरात दाब देत राहावे. धक्का एका हातातून दुसऱ्या हाताकडे गेला असेल, माणूस क्षणभरही बेशुद्ध पडला असेल किंवा त्याला छातीत धडधड जाणवत असेल, तर तो स्वतःला बरा म्हणत असला तरी त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा.